उपकरण बंद पडले तरी वाय-फायवरचा चालू कॉल टिकवायचा कसा

लहान रुग्णालये, कुरिअरची कार्यालये, वाहतूकदारांचे डिस्पॅच, मोठ्या सोसायट्यांच्या सुरक्षा केबिन अशा ठिकाणी वाय-फायवर चालणारे फोन आता सर्रास दिसतात आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही सर्रास ऐकू येते: ‘राउटर दोन घेतले, इंटरनेटच्या लाइनी दोन घेतल्या, तरी एक डबा बंद पडला की चालू कॉल तुटतोच.’ तक्रार खरी असते. राखीव उपकरण आणून जोडलेले असते, पण कॉल त्याच्यावर जाईपर्यंत एक तर फोनचा आयपी पत्ता बदललेला असतो, नाही तर मधला खंड इतका लांबलेला असतो की समोरच्या माणसाने कंटाळून फोन ठेवलेला असतो. थोड्या वेळाने नेटवर्क पुन्हा सुरू होणे वेगळे आणि चालू बोलणे न तुटणे वेगळे. खाली जे टप्पे दिले आहेत ते दुसऱ्या गोष्टीसाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १ : कॉलचा मार्ग कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका फोनवरून तळमजल्यावरच्या दुसऱ्या फोनला लावलेला कॉल नेमका कोणकोणत्या उपकरणांतून जातो ते ओळीने लिहा: फोन, ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारा डबा), नेटवर्कच्या केबलीतूनच त्याला वीज देणारा पीओई स्विच, मुख्य स्विच, आयपी पीबीएक्स (कॉल जोडून देणारे कार्यालयाचे एक्सचेंज) आणि तोच प्रवास उलट. मग बाहेरच्या कॉलसाठी त्यात गेटवे राउटर (इमारतीचे नेटवर्क इंटरनेटला जोडणारा), ओएनटी (फायबर ज्यात येऊन संपते तो डबा), जिन्यातला केबलवाल्याचा डबा आणि त्याच्यापुढची फायबर जोडा. प्रत्येक नावाखाली दोन गोष्टी लिहा. ते उपकरण कोणत्या प्लगवर आहे आणि ते बंद पडले तर त्याचे काम दुसरे कोण करणार. जिथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहते, तिथे कॉल तुटणार.

याच वेळी पीबीएक्समध्ये एक गोष्ट पाहून घ्या. दोन फोनांमधला आवाज पीबीएक्समधून फिरून जातो की एका फोनकडून थेट दुसऱ्याकडे जातो, हे सेटिंगवर अवलंबून असते. इमारतीतले सगळे फोन एकाच अंतर्गत नेटवर्कवर असतील, तर आवाज थेट जाऊ द्यावा. मग बोलणे चालू असताना पीबीएक्स बंद पडला तरी कॉल ट्रान्सफर करता येत नाही, होल्डवर टाकता येत नाही, पण आवाज चालू राहतो. रेकॉर्डिंग हवे असेल तर मात्र आवाज पीबीएक्समधूनच न्यावा लागतो. दोन्ही हवे असा हट्ट धरणाऱ्यांना मी आधी कोणते महत्त्वाचे ते लिहून द्यायला सांगतो.

टप्पा २ : किती सेकंदांचा खंड चालेल ते ठरवा

वाय-फाय फोन साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना आवाजाचे एक पॅकेट पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५०. चार-पाच पॅकेटे हरवली तर कानाला जेमतेम कळते. एक सेकंद गेला तर शब्द गिळल्यासारखा वाटतो. तीन-चार सेकंद गेले की ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. आणि माझ्या अनुभवात आठ-दहा सेकंदांच्या शांततेनंतर यंत्राच्या आधी माणूसच फोन ठेवतो. त्यामुळे पीबीएक्समध्ये ‘आवाज येत नसेल तर कॉल बंद करा’ ही मुदत ३० सेकंदांच्या खाली कधीही ठेवू नका. इमारतीच्या आतल्या कॉलसाठी उद्दिष्ट तीन सेकंदांचे धरा. पुढचे सगळे आकडे या तीन सेकंदांशी ताडून पाहायचे आहेत.

टप्पा ३ : वीज

मुंबईत वीज जात नाही, या समजुतीवर नेटवर्क उपकरणांचे कितीतरी रॅक यूपीएसशिवाय चालतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी महानगराचा मोठा भाग अंधारात गेला होता, तसा प्रसंग विरळाच. पण पॅनेलमधला एमसीबी पडणे, इलेक्ट्रिशियनने न सांगता मेन बंद करणे आणि पावसाळ्यात मीटर रूममध्ये पाणी शिरणे हे विरळ नाही.

लोडचा हिशेब आधी करा. आठ ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी सुमारे १० वॉट घेत असतील, तर ८० वॉट झाले. त्यात स्विच, गेटवे आणि ओएनटी मिळवले की १२० वॉटच्या आसपास जाते. एका १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास बॅटरीचा छोटा यूपीएस हा लोड अर्धा तास ओढेल असे धरू नका. खोक्यावर छापलेला वेळ नव्या बॅटरीचा आणि हलक्या लोडचा असतो.

इन्व्हर्टरवर रॅक चालवणाऱ्यांनी मागची कळ पाहावी. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा दोन मोड असतात. पंखे-दिव्यांसाठीच्या मोडमध्ये वीज बदलताना मधला क्षण लांबतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. दिवा लुकलुकलासुद्धा नाही, म्हणून वीज सलग होती असे सगळे सांगतात आणि राउटर मात्र पुढची दोन मिनिटे उठत असतो. कळ यूपीएस मोडवरच हवी.

*सावधान:* दोन यूपीएस घेतले तर ते दोन वेगळ्या सर्किटांवर, दोन वेगळ्या एमसीबींवर हवेत. एका ठिकाणी मला दोन नवेकोरे यूपीएस एकाच स्पाइक गार्डमध्ये खोचलेले सापडले होते आणि त्या स्पाइक गार्डची कळ झाडू मारताना पाय लागेल अशा उंचीवर होती.

*तपासणी:* मेन बंद करा, घड्याळ लावा आणि पहिले उपकरण किती मिनिटांनी मान टाकते ते लिहून ठेवा. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर होईपर्यंत यूपीएस टिकतो का, तेही याच वेळी कळते.

टप्पा ४ : स्विच आणि ॲक्सेस पॉइंट आलटून-पालटून जोडा

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून तो सविस्तर देतो.

बहुतेक ठिकाणी एका मजल्यावरचे सगळे ॲक्सेस पॉइंट त्या मजल्यावरच्या एकाच पीओई स्विचला जोडलेले असतात. वायरिंग करणाऱ्याला ते सोपे जाते. पण स्विच बंद पडला की एकमेकांना सांभाळून घेऊ शकणारे शेजारचे ॲक्सेस पॉइंटही एकाच वेळी जातात आणि फोनला उडी मारायला जागाच उरत नाही. एका लहान रुग्णालयात नेमके हेच झाले. प्रत्येक वॉर्डमध्ये दोन ॲक्सेस पॉइंटांचा सिग्नल उत्तम येत होता, सर्व्हेचा रंगीत नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि स्विचचा पॉवर सप्लाय जळला तेव्हा सबंध मजला मुका झाला. सिस्टर जिन्यात उभ्या राहून खालच्या मजल्याच्या सिग्नलवर आरएमओंना फोन लावत होत्या.

१. दोन पीओई स्विच घ्या आणि ते टप्पा ३ मधल्या दोन वेगळ्या यूपीएसवर ठेवा.

२. कॉरिडॉरमधले ॲक्सेस पॉइंट क्रमाने मोजा. विषम क्रमांकाचे पहिल्या स्विचवर, सम क्रमांकाचे दुसऱ्यावर जोडा. वरच्या मजल्यावर हाच क्रम उलटा ठेवा, म्हणजे बरोबर वरचा-खालचा ॲक्सेस पॉइंटही वेगळ्या स्विचवर राहील. यासाठी काही केबली लांब न्याव्या लागतात. तो खर्च टाळू नका, कारण दुसरा ॲक्सेस पॉइंट घेण्याचा सगळा फायदा या केबलींत आहे. तांब्याच्या केबलीची १०० मीटरची मर्यादा मात्र पाळा.

३. प्रत्येक पीओई स्विचपासून मुख्य स्विचपर्यंत दोन केबली न्या. मुख्य स्विच दोन असतील, तर प्रत्येकाकडे एक. यासाठी स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे हवेत आणि त्यांवर रॅपिड स्पॅनिंग ट्री सुरू हवे. स्पॅनिंग ट्री जास्तीची केबल राखीव ठेवते आणि चालू केबल गेली की ती वापरात आणते. जुन्या स्पॅनिंग ट्रीला मार्ग बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात, म्हणजे आपले तीन सेकंद कधीच गेलेले असतात. रॅपिड प्रकारात योग्य जोडणी असेल तर सेकंदाच्या आत काम होते. ॲक्सेस पॉइंटांचे पोर्ट ‘एज’, म्हणजे पुढे दुसरा स्विच नसलेले टोक, म्हणून नोंदवा.

४. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये, मागची केबल मेली तर रेडिओ बंद करण्याची सोय शोधा आणि ती सुरू करा. निरनिराळ्या कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात. ही सोय नसेल आणि ॲक्सेस पॉइंटला वीज वेगळ्या ॲडॉप्टरने मिळत असेल, तर मुख्य स्विचकडचा रस्ता तुटल्यावरही त्याचा रेडिओ ऐटीत चालू राहतो, फोन पूर्ण सिग्नल दाखवत त्यालाच चिकटून बसतो आणि आवाज कुठेच जात नाही. मेलेल्या ॲक्सेस पॉइंटपेक्षा हा अर्धमेला ॲक्सेस पॉइंट जास्त घातक.

*सावधान:* साध्या, अनमॅनेज्ड स्विचांच्या मध्ये ‘एक केबल जास्तीची असू द्या’ म्हणून दुसरी केबल जोडू नका. लूप तयार होतो आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क गुदमरते. चांगल्या हेतूने जोडलेल्या अशा एका पॅच कॉर्डसाठी मी रविवारचा अख्खा दिवस घालवला आहे.

*तपासणी:* एका पीओई स्विचची वीज काढा आणि मजल्यावर फोन घेऊन चालत फिरा. जिथे कॉल बोलले जातात, अशा प्रत्येक जागी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (म्हणजे शून्याच्या अधिक जवळचा) सिग्नल एकाच स्विचच्या ॲक्सेस पॉइंटांकडून मिळाला पाहिजे. शेजारचा ॲक्सेस पॉइंट गेल्यावर आपोआप पॉवर वाढवण्याची सोय काही यंत्रणांत असते, पण तिला मिनिटे लागतात. चालू कॉलला तिचा उपयोग नाही.

टप्पा ५ : फोनची उडी लवकर व्हावी म्हणून

ॲक्सेस पॉइंट अचानक मेला तर फोनला ते सांगणारे कोणी नसते. दर १०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारी त्याची हाक थांबली, हे फोनच्या ध्यानात यावे लागते. मग तो इतर चॅनल धुंडाळतो आणि शेवटी नव्या ॲक्सेस पॉइंटवर प्रवेश घेतो. प्रत्येक पायरीवर वेळ वाचवता येतो.

चॅनल कमी ठेवा. आवाजासाठी ५ गिगाहर्ट्‌झ वापरा आणि ३६ ते ४८ व १४९ ते १६१ एवढ्यावर भागवा. मधल्या चॅनलांवर रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला चॅनल सोडावाच लागतो आणि त्याच पट्ट्यातल्या नव्या चॅनलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसावे लागते. मुंबईत अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचे सी बँडचे, म्हणजे याच मधल्या चॅनलांच्या आसपास चालणारे रडार आहे. नेमक्या पावसाच्या दिवसांत कॉल का तुटतात याचे कोडे पडलेल्या उपनगरी कार्यालयांनी आधी आपले चॅनल पाहावेत.

प्रवेश सोपा ठेवा. ८०२.११आर ही ॲक्सेस पॉइंटमधली सोय सुरू केल्याने नव्या ॲक्सेस पॉइंटवरचा प्रवेश थोडक्यात उरकतो आणि ८०२.११के मुळे शेजारी कोण आहेत याची यादी फोनला आधीच मिळालेली असते. जुने हँडसेट ८०२.११आर पाहून गोंधळतात, म्हणून आधी एका हँडसेटवर करून पाहा. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे लॉगिन तपासणारा सर्व्हर एकच असेल, तर तो बंद पडल्यावर नवा प्रवेशच अडतो. लहान जागेत मी फोनांसाठी वेगळे नेटवर्क, वेगळे व्हीलॅन (त्याच केबलींवर वेगळे काढलेले आभासी नेटवर्क) आणि एक लांबलचक पासवर्ड एवढेच ठेवतो. सुरक्षेच्या पुस्तकात हे दुय्यम ठरेल, पण तिथे बंद पडण्यासारखे एक यंत्र कमी होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, सगळ्या ॲक्सेस पॉइंटांवर फोनांचे व्हीलॅन एकच हवे आणि कोणत्याही ॲक्सेस पॉइंटने स्वतः आयपी पत्ते वाटता कामा नयेत. बाजारातून दुसरा राउटर आणून ‘रेंज वाढवण्यासाठी’ लावला की तो आपले वेगळे पत्ते वाटू लागतो, फोन त्याच्यावर गेला की पत्ता बदलतो आणि कॉल संपतो. राउटर वापरायचाच असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

*तपासणी:* फोनचा आयपी पत्ता पाहा, दुसऱ्या टोकाला चालत जा, पुन्हा पाहा. एकही अंक बदललेला नसावा. पत्त्याची मुदत आठ तासांहून कमी नसावी, म्हणजे पत्ते वाटणारा सर्व्हर अधूनमधून बंद पडला तरी चालू पाळी निभावते.

टप्पा ६ : दोन गेटवे, एक पत्ता

दुसरा गेटवे राउटर कपाटात ठेवून उपयोग नाही आणि वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवूनही नाही. दोन्ही राउटरांनी व्हीआरआरपी या राउटरांच्या आपसातल्या पद्धतीने एकच आभासी पत्ता वाटून घ्यावा आणि फोनांना गेटवे म्हणून तोच द्यावा. मूळ सेटिंगमध्ये मुख्य राउटर दर सेकंदाला आपण जिवंत असल्याचे सांगतो आणि राखीव राउटर सुमारे ३.६ सेकंद वाट पाहून ताबा घेतो. आपल्या हिशेबात हे बसत नाही. व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती सेकंदाच्या भागांत वेळ घेते. जिवंत असल्याची ही जाहिरात अर्ध्या सेकंदावर आणली की ताबा दोन सेकंदांत मिळतो. त्याहून खाली जाण्याचा मोह टाळा, कारण गर्दीच्या वेळी दोन-तीन संदेश उशिरा पोहोचले की दोन्ही राउटर स्वतःला मुख्य समजू लागतात.

बाहेरच्या कॉलसाठी आणखी एक अट आहे. कोणत्या फोनचा आवाज कोणत्या पोर्टवरून बाहेर जातो याची नोंदवही मुख्य राउटरच्या स्मरणात असते. ही नोंद राखीव राउटरला सतत मिळत नसेल, तर ताबा दोन सेकंदांत मिळूनही चालू कॉल मुका राहतो. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि नोंदींची देवाणघेवाण करणारे असावेत. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला एवढा एकच प्रश्न विचारा. आणि राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची, फोनच्या संदेशांत परस्पर फेरफार करणारी सोय दिसली की ती बंद करा.

टप्पा ७ : इंटरनेटच्या दोन लाइनी खरोखर दोन आहेत का

बिले दोन कंपन्यांची येतात, म्हणून लाइनी दोन असे समजू नका. गच्चीवर जा. मुंबईतल्या कित्येक इमारतींत दोन्ही कंपन्यांची फायबर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून एकाच तारेला बांधून येते, एकाच शाफ्टमधून उतरते आणि जिन्यातल्या एकाच पत्र्याच्या पेटीत संपते. त्या पेटीतल्या यंत्रांना वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून असते. म्हणजे तुमच्या कार्यालयात यूपीएस चालू असताना जिन्यातला फ्यूज गेला की दोन्ही लाइनी जातात. पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले की कामगार वाटेतली केबल उचलून बाजूला टाकतात, तेव्हाही दोन्ही एकदमच. एक लाइन वेगळ्या वाटेने मागून घ्या. ते जमत नसेल तर दुसरी लाइन ४जी किंवा ५जी राउटरवर ठेवा.

मुख्य लाइन मेली हे राउटरला कळण्यासाठी पोर्टचा दिवा पुरेसा नाही. बाहेर फायबर तुटली तरी ओएनटी आणि राउटर यांच्यामधली केबल शाबूतच असते आणि दिवा हिरवाच राहतो. इंटरनेटवरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना राउटरने ठरावीक अंतराने हाक मारावी आणि दोघांकडूनही उत्तर आले नाही तरच लाइन बदलावी, असे ठेवा.

लाइन बदलली की तुमचा बाहेरचा पत्ता बदलतो आणि साध्या मांडणीत बाहेरचे चालू कॉल तुटतात, हे मालकाला आधीच सांगून टाकावे. ते टिकवायचे असतील तर दोन्ही लाइनींवरून बाहेरच्या एका स्थिर ठिकाणापर्यंत टनेल (इंटरनेटच्या आतून जाणारा बंदिस्त मार्ग) न्यावा लागतो, म्हणजे जगाला दिसणारा पत्ता कायम राहतो. त्याचा मासिक खर्च परवडत नसेल, तर निदान फोनांची नोंदणी दर तासाऐवजी ६० ते १२० सेकंदांनी नवी होईल असे करा. चालू कॉल गेला तरी नवे येणारे कॉल दोन मिनिटांत मिळू लागतात.

एक कॉल दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे १०० केबीपीएस घेतो, त्यामुळे राखीव लाइन लहान असली तरी चालते. फक्त सीसीटीव्हीचे क्लाउडवर जाणारे चित्रण त्या लाइनवर बंद ठेवा.

टप्पा ८ : मोबाइल नेटवर्कचा आधार

कर्मचाऱ्यांचे मोबाइल वाय-फाय कॉलिंगवर असतील, तर वाय-फाय गेल्यावर चालू कॉल व्होल्टीईवर, म्हणजे ४जी मोबाइल नेटवर्कवर सरकू शकतो. त्यासाठी फोनमध्ये दोन्ही सोयी सुरू हव्यात आणि त्या जागी टॉवरचा सिग्नल हवा. तळघरातल्या एक्स-रे खोलीत सिग्नलच नाही म्हणून वाय-फाय कॉलिंग सुरू केले असेल, तर तिथे वाय-फाय गेल्यावर कॉल जाणार कुठे? बॅटरी वाचवण्यासाठी एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय वापरणारेही हाच आधार आपल्या हाताने काढून घेतात.

उलट बाजूने, टॉवरवरचे उपकरण अचानक बंद पडले तर त्यावरचा व्होल्टीई कॉल बहुधा तुटतोच, कारण कॉलची माहिती त्या मेलेल्या उपकरणातच असते. ग्राहकाच्या हातात तेव्हा दुसऱ्या सिमवरून पुन्हा लावणे एवढेच उरते. चालू कॉल एका सिमवरून दुसऱ्यावर जात नाही. अनेक कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात, तेव्हा दुसरे सिम घेण्याआधी ते त्या जागेवर वापरून पाहा.

टप्पा ९ : चालू कॉलवर केबल उपसा

ही चाचणी रात्री कोणी नसताना करू नका. कामाच्या दिवशी दुपारी, सगळ्यांना सांगून करा, कारण रिकाम्या इमारतीत नेटवर्क नेहमीच चांगले वागते. दोन माणसे लागतात. एक जण फोनवर संथपणे ‘एक, दोन, तीन’ मोजत राहतो, साधारण सेकंदाला एक आकडा. दुसरा ऐकतो आणि कोणते आकडे गिळले गेले ते लिहितो. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हा कागद मालकाला जास्त पटतो. ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ आणि मग थेट ‘तेहतीस’ असे लिहिलेले असले की कुठे किती गेले, हे समजावून सांगावे लागत नाही.

उपसण्याचा क्रम असा ठेवा: एका ॲक्सेस पॉइंटची केबल, एका पीओई स्विचची वीज, मुख्य स्विचकडे जाणारी एक केबल, मुख्य गेटवेची वीज, ओएनटीची वीज, ओएनटीची फायबर आणि शेवटी इमारतीची मेन. ओएनटीची वीज आणि फायबर या दोन चाचण्या वेगळ्याच करा. पहिलीत दिवा विझतो, दुसरीत तो हिरवा राहतो आणि बहुतेक मांडण्या दुसरीत नापास होतात. एका वेळी एकच गोष्ट काढा, ती परत लावा, पाच मिनिटे थांबा आणि मगच पुढची.

परत लावतानाही मोजणे चालूच ठेवा. मुख्य गेटवे उठतो, त्याची स्वतःची इंटरनेट लाइन अजून जुळलेली नसते, पण व्हीआरआरपीत तो वरिष्ठ असल्याने ताबा हिसकावून घेतो आणि सुरळीत चाललेला कॉल पुन्हा मुका होतो. ताबा परत घेण्याची सोय बंद ठेवा किंवा तिला निदान पाच मिनिटांचा विलंब द्या. मेलेला ॲक्सेस पॉइंट परत येताना मात्र काही करावे लागत नाही.

प्रत्येक चाचणीचा खंड सेकंदांत लिहा आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. त्याच्याखाली यूपीएसच्या बॅटऱ्या बसवल्याची तारीख लिहा. समुद्राजवळच्या दमट जागेत केबलींच्या टोकांवर हिरवट थर चढतो, म्हणून पुढची चाचणी मे महिन्यात, पावसाच्या आधी ठेवा आणि त्या वेळी प्रत्येक पॅच कॉर्ड एकदा काढून, टोक पाहून परत बसवा.